प्रगतिपत्रकातील श्रेणी आणि पालक

(साक्री तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मजकडे जो विषय सोपविण्यात आला आहे तो दिसावयास लहान आहे. वर्षातून दोनदा आपण प्रगतिपत्रके भरतो, पालकांस शाळेत बोलावतो, त्यांच्या हाती पत्रक देतो, सही अथवा अंगठा घेतो आणि पत्रक पुन्हा कपाटात ठेवतो. पत्रक हाती देणे आणि सही घेणे यांच्या दरम्यान जी दोन मिनिटे जातात, तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. ती दोन मिनिटे बहुधा मौनात जातात. पालक पत्रकाकडे पाहतो, मग आपल्याकडे पाहतो, आणि एकच प्रश्न विचारतो, “गुरुजी, मना पोऱ्या पास व्हयना का?” आपण मान हलवितो. तो समाधानाने निघून जातो. कोणी थोडा शिकलेला असेल तर आणखी विचारतो, “नंबर कितवा उना?” त्यास आपण सांगतो की आता नंबर नसतो. त्यावर त्याचा चेहरा उतरतो, कारण शाळेने काहीतरी लपविले असे त्यास वाटते.

या दोन प्रश्नांस हसण्याचे कारण नाही. ते विचारणारा मनुष्य ज्या काळात शाळेत गेला, किंवा त्याचा बाप ज्या काळात गेला, त्या काळाची ती भाषा आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत सातवीची व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा होती. ती उत्तीर्ण झालेला मनुष्य गावात मास्तर होत असे, तलाठी होत असे. पास आणि नापास या दोन शब्दांत संबंध आयुष्याचा निकाल लागत असे. त्यानंतरही कित्येक वर्षे प्रगतिपुस्तकात गुण, टक्के आणि वर्गातील क्रमांक हे तीनच आकडे महत्त्वाचे होते. पुढे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला, आणि 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. आपणांपैकी प्रत्येकास त्याचे प्रशिक्षण मिळाले, पुस्तिका मिळाल्या, नोंदवह्या मिळाल्या. पालकास यांपैकी काय मिळाले? त्याच्या हाती फक्त एक अक्षर आले. त्या अक्षराचा अर्थ त्यास कोणी सांगावयाचा, हे कोठेही लिहिलेले नसते तरी ते काम आपलेच ठरले असते. परंतु ते लिहिलेलेही आहे. त्याच कायद्याच्या 24 व्या कलमात शिक्षकाची जी कर्तव्ये सांगितली आहेत त्यांत पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व शिकण्यातील प्रगती यांविषयी त्यांस अवगत करणे हे एक कर्तव्य आहे. सही घेतल्याने अवगत करणे होत नाही.

आता ते अक्षर पालकास कसे दिसत असेल याचा थोडा विचार करू. श्रेणींचा क्रम आपणांस पाठ आहे. अ-1 म्हणजे 91 ते 100, अ-2 म्हणजे 81 ते 90, ब-1 म्हणजे 71 ते 80, ब-2 म्हणजे 61 ते 70, क-1 म्हणजे 51 ते 60, क-2 म्हणजे 41 ते 50, ड म्हणजे 33 ते 40, इ-1 म्हणजे 21 ते 32, आणि 20 किंवा त्याहून कमी असल्यास इ-2. हा क्रम इंग्रजी मुळाक्षरांवरून घेतलेला आहे. आपल्या मुळाक्षरांचा क्रम असा नाही. आपली एखादी माताभगिनी साक्षरतेच्या वर्गात नुकतीच अक्षरे शिकली असेल, तर तिच्या दृष्टीने अ च्या मागोमाग आ आणि लगेच इ येते. क व्यंजनांत पहिला, ड त्यानंतर, आणि ब तर बराच पुढे. तिच्या मुलाच्या पत्रकावर इ-1 असेल तर तो अ च्या जवळचाच काही मान असावा असे तिने समजणे अगदी स्वाभाविक आहे. आणि ज्यास फक्त अंक वाचता येतात त्यास अ-1 पेक्षा अ-2 मोठा वाटला तर त्यात त्याची चूक कोणती? एक आणि दोन यांत दोन मोठा, हे तो बाजारात रोज पाहतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. श्रेणी हा शब्द शेतकऱ्यास नवीन असला तरी प्रत हा शब्द नवीन नाही. आपल्या तालुक्यात कांदा पिकतो, कापूस पिकतो. मोठा कांदा निराळा, गोल्टी निराळी, आणि गोल्टीस भाव निराळा. कापसाची बोंडे हातात घेऊन व्यापारी प्रत ठरवितो आणि त्या क्षणी मालाचे भवितव्य संपते. शेतकरी त्यावर वाद घालू शकतो, परंतु तो कापूस पुन्हा झाडावर लावू शकत नाही. आपण जेव्हा म्हणतो, “तुमच्या मुलीला क-2 श्रेणी मिळाली,” तेव्हा ऐकणारा बाप मनात काय ऐकतो? हा माल खालच्या प्रतीचा निघाला, आता यावर अधिक खर्च करण्यात अर्थ नाही, असेच तो ऐकतो. या मुलीची शाळा पाड्यावर चौथीस संपत असेल, पाचवीसाठी तीन-चार किलोमीटर दूर पाठवावयाचे की नाही हा विचार घरात चालू असेल, तर ते एक अक्षर त्या विचाराचा निकाल लावू शकते. आपण ज्या अर्थाने ते लिहिले त्या अर्थाने नव्हे, तर त्याने जो अर्थ लावला त्या अर्थाने.

म्हणून पालकाशी बोलताना बाजारातील प्रतवारीचे नाव काढू नये. शेतातील उदाहरण घ्यावे. बाजरी गुडघ्याइतकी झाली की शेतकरी बांधावरून फेरी मारतो. येथे पीक चांगले आहे, त्या कोपऱ्यात पिवळे पडले आहे, तेथे पाणी साचले असावे किंवा खत कमी पडले असावे, असे तो पाहतो. ही पाहणी विकण्यासाठी नसते, उरलेल्या दिवसांत काय करावे हे ठरविण्यासाठी असते. पहिल्या सत्राचे प्रगतिपत्रक म्हणजे ती बांधावरची फेरी, असे सांगितले की आमच्या खानदेशातील कोणताही मनुष्य क्षणात समजतो. त्यास हेही समजते की एका कोपऱ्यातील पीक पिवळे म्हणून कोणी सगळे शेत नांगरून टाकीत नाही.

आकारिक आणि संकलित या दोन शब्दांविषयी मी येथे जरा अधिक वेळ घेणार आहे, कारण आपल्यापैकीही पुष्कळांनी त्यातील एक गोष्ट पालकांस कधी सांगितलेली नाही असा माझा समज आहे. आकारिक म्हणजे रोजच्या कामातून केलेले मूल्यमापन. त्यात दैनंदिन निरीक्षण येते, तोंडी काम येते, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, वर्गकार्य व स्वाध्याय येतात. संकलित म्हणजे सत्राच्या अखेरीस घेतलेली परीक्षा. तीत लेखी भाग मोठा असतो. 2010 च्या योजनेत या दोहोंचे वजन सर्व इयत्तांत सारखे ठेवलेले नाही. पहिली-दुसरीस आकारिक 70 आणि संकलित 30, तिसरी-चौथीस 60 आणि 40, पाचवी-सहावीस 50 आणि 50, सातवी-आठवीस 40 आणि 60. लहान मूल लिहून दाखविण्यापेक्षा बोलून व करून अधिक दाखविते, म्हणून ही विभागणी योग्यच आहे. परंतु तिचा परिणाम काय होतो ते पाहा.

एक मुलगा घेऊ. वर्गात तो चुणचुणीत आहे, प्रश्नांची उत्तरे देतो, उपक्रमात पुढे असतो. त्याचे रोजचे काम शंभरात ऐंशीच्या योग्यतेचे आहे. मात्र लिहिताना तो अडखळतो. लेखी परीक्षेत त्यास शंभरात चाळीस मिळतात. दुसरीत त्याचे आकारिक 56 आणि संकलित 12, एकूण 68. श्रेणी ब-2. तिसरीत तोच मुलगा, तशीच योग्यता. 48 आणि 16, एकूण 64. श्रेणी ब-2 च. पाचवीच्या पहिल्या सत्रात 40 आणि 20, एकूण 60. श्रेणी क-1. सातवीत 32 आणि 24, एकूण 56. मुलात काडीचाही फरक पडला नाही, परंतु त्याची श्रेणी उतरली. बाप म्हणतो, मुलगा बिघडला. आई म्हणते, नवे गुरुजी नीट शिकवीत नाहीत. आणि मुलगा मार खातो. वास्तविक तो दुसरीत होता तेव्हाच लिहिण्यात मागे होता. तेव्हा लिहिण्याचे वजन थोडे होते म्हणून ती उणीव ब-2 च्या पोटात झाकली गेली होती.

मग उपाय काय? पालकास एकत्रित श्रेणी सांगून थांबू नये. दोन वाक्ये निरनिराळी सांगावीत. “दादा, तुमचा मुलगा बोलतो छान, हिशेब तोंडी करतो. पण लिहायला बसला की हात चालत नाही.” एवढे ऐकले की बापास संख्यांची आवश्यकता राहत नाही. घरी जाऊन तो मुलास “अभ्यास कर” असे मोघम न सांगता “रोज एक पान लिहून दाखव” असे सांगू शकतो. आणि पान भरले की नाही हे निरक्षर मनुष्यासही दिसते.

हे पाचवीच्या मुलांच्या बाबतीत आता फार निकडीचे झाले आहे. मूळ कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलास मागे ठेवता येत नव्हते. 2019 मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली आणि पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची मुभा राज्यांस दिली. आपल्या राज्याने 2023 मध्ये त्याप्रमाणे नियम केले, आणि 2023-24 या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस या दोन इयत्तांची वार्षिक परीक्षा प्रथम झाली. पाचवीस प्रत्येक विषयास 50 गुणांची परीक्षा, त्यांपैकी 10 तोंडी व प्रात्यक्षिकाचे आणि 40 लेखी. आठवीस 60 गुणांची, त्यांत 10 तोंडी व 50 लेखी. उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयात 35 टक्के, म्हणजे पाचवीस 18 आणि आठवीस 21 गुण. आता आपल्या त्या मुलाकडे पुन्हा वळा. त्यास पाचवीत चाळीस टक्के मिळाले तर 50 पैकी 20 होतात. रेषेच्या वर अवघे दोन गुण. चौथीपर्यंत ज्याच्या पत्रकावर सुखाने ब-2 दिसत होते, तो मुलगा पाचवीच्या परीक्षेस बसताना काठावर उभा आहे, आणि ही गोष्ट त्याच्या आईबापास ठाऊक नाही. ठाऊक असती तर दिवाळीपासून काही करता आले असते.

ज्या मुलास वार्षिक परीक्षेत यश येत नाही त्याच्या पालकास काय सांगावे, हेही येथेच सांगून टाकतो. तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. अनुत्तीर्ण मुलास पूरक मार्गदर्शन मिळते आणि पुन्हा परीक्षा देता येते. त्या फेरपरीक्षेतही यश आले नाही तर तो त्याच वर्गात राहतो. आणि त्याच वर्गात राहणे म्हणजे शाळेतून काढणे नव्हे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येत नाही, ही कायद्याची आज्ञा आजही जशीच्या तशी आहे. नापास हा शब्द कानी पडताच पालक मुलाचे नाव मनातल्या मनात पटावरून काढून टाकतो आणि त्याच्या हाती गुरांची दोरी देतो. ही तिसरी गोष्ट म्हणूनच सर्वप्रथम सांगावी.

याच्या अगदी उलट असा एक समज गावोगाव रूढ झाला आहे, आणि तोही तितकाच घातक आहे. मूल वरच्या वर्गात गेले म्हणजे ते शिकले, असे समजले जाते. गेल्या काही वर्षांत आपणही या समजास पुष्कळ खतपाणी घातले आहे. तालुक्यात कोठेही दहा प्रगतिपत्रके उघडून पाहा. त्यांतील आठांवर अ आणि ब च्याच श्रेणी दिसतील, असे मी म्हटले तर कोणी रागावू नये. ड दिला की विचारणा होईल, इ दिला की कागदपत्रे वाढतील, पालक नाराज होतील, शाळेची पटसंख्या उतरेल. ही सगळी कारणे मला ठाऊक आहेत. परंतु त्या खोट्या अ-2 ची किंमत कोण देतो? पाचवीत ज्यास जोडाक्षर वाचता येत नाही तो मुलगा देतो. त्याच्या बापाने शाळेवर विश्वास ठेवला, म्हणून त्याने काहीही केले नाही. मूल्यमापनाच्या योजनेतच असे अपेक्षित आहे की ड किंवा त्याहून खालची श्रेणी असलेल्या मुलास शिक्षकाने अतिरिक्त मार्गदर्शन करून किमान क-2 पर्यंत आणावे. म्हणजे ड ही शिक्षकाच्या कामाची सुरुवात आहे. ती लिहिलीच नाही तर काम सुरू कोठून होणार?

आता वर्णनात्मक नोंदींविषयी. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, असे तीन रकाने आपण भरतो. या रकान्यांत मी जी वाक्ये पाहतो ती पुष्कळदा एका पुस्तिकेतून उतरून घेतलेली असतात. “वाचन स्पष्ट करतो.” “गणितात सुधारणा आवश्यक.” “खेळात भाग घेतो.” तीस मुलांच्या पत्रकांवर तीच तीन वाक्ये. सबंध पत्रकात पालकाच्या उपयोगी पडेल असा भाग हाच आहे, कारण श्रेणी शाळेची असते, नोंद मुलाची असते. “गणितात सुधारणा आवश्यक” हे वाक्य वाचून दाखविले तर आई काय करणार? त्याऐवजी “हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही, बाजारात सुटे पैसे परत घेण्याचे काम त्याला द्या” असे लिहिले तर ती पुढच्याच आठवडेबाजारात ते करील. “वाचनाचा सराव हवा” असे लिहिण्याऐवजी “जोडाक्षर आले की थांबते, रोज संध्याकाळी दहा ओळी मोठ्याने वाचायला सांगा आणि किती वेळा थांबली ते मोजा” असे लिहावे. आईस वाचता येत नसले तरी मोजता येते. नोंदीस दोन मिनिटे अधिक लागतील, हे खरे. तीस मुलांचा एक तास. वर्षातून दोनदा.

पालक निरक्षर आहेत, त्यांस काय समजणार, असे म्हणणारे बंधू आपल्यात थोडे नाहीत. त्यांस मी एकच आठवण देतो. आपल्या शेजारच्या जळगावजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी इतरांनी लिहून ठेवली, त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली, आणि आज आपण ती वर्गात शिकवितो. अक्षर न येणे आणि समज नसणे या दोन गोष्टी एक मानण्याचा अधिकार निदान खानदेशातील शिक्षकास तरी नाही.

समजावून सांगण्याची भाषा कोणती असावी, हा प्रश्न आपल्या तालुक्यात विशेष आहे. पूर्वेकडील गावांत अहिराणी, पश्चिमेस पिंपळनेरच्या पलीकडे डोंगरात कोकणी, भिली आणि मावची. सभेत आपण “संकलित मूल्यमापनातील संपादणूक समाधानकारक आहे” असे प्रमाण मराठीत बोलतो, आणि समोरचे लोक अदबीने मान हलवितात. त्यांनी मान हलविली म्हणून त्यांस समजले असे नव्हे. ज्या शिक्षकास ती बोली येत नाही त्याने वरच्या वर्गातील एखाद्या मुलास किंवा अंगणवाडीच्या ताईंस मध्यस्थ घ्यावे. परंतु ज्या मुलाविषयी बोलावयाचे त्यासच दुभाषी करू नये. आपलाच ड आपल्याच बापास कोणता मुलगा खरा सांगेल?

पालकसभेच्या रीतीसंबंधी काही सूचना करतो. सर्व पालकांस ओळीने बसवून नावे पुकारीत श्रेणी वाचून दाखविणे तत्काळ बंद करावे. चार लोकांत ज्याच्या मुलाची क-2 वाचली गेली तो पुढील सभेस येत नाही, आणि ज्याने यावे म्हणून सभा असते तोच नेमका हा मनुष्य असतो. प्रत्येकास निराळे बोलवावे, आणि शक्य तर आपण खुर्चीत व तो जमिनीवर असे बसू नये. आईस बोलवावे; सही बापाची असली तरी मूल कधी उठते, कधी शेळ्यांमागे जाते, कोणत्या गोष्टीत रमते, हे आईसच ठाऊक असते. कायद्यानेच शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. त्या समितीतील दोन-तीन भगिनींस श्रेणींचा अर्थ प्रथम नीट समजावून द्यावा. त्या मग पाणवठ्यावर आणि ओट्यावर आपल्यापेक्षा चांगले समजावून देतील. सभेची वेळ सकाळी अकराची ठेवून “पालक येत नाहीत” अशी तक्रार करणे व्यर्थ आहे. अकरा वाजता ते निंदणीस गेलेले असतात.

आणि या सर्वांहून परिणामकारक असा एक मार्ग आहे, ज्यास कागदही लागत नाही. पत्रक पालकाच्या हाती देण्यापूर्वी मुलास त्याच्यासमोर वाचावयास सांगावे. इतरांसमोर नव्हे, फक्त आईबापासमोर. आणि त्यास जे येते तेथून आरंभ करावा. धड्यातील पाच ओळी, एक बेरीज, एखादे गाणे. मुलगी सरळ वाचत गेली तर निरक्षर आईच्या मुद्रेवर जे उमटते ते पाहण्यासाठी तरी आपण हे करावे. आणि ती अडखळली तर कोठे अडखळली हे आईने स्वतःच्या कानांनी ऐकलेले असते. मग क-1 म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सर्वांगीण प्रगतिपत्रकाची जी कल्पना मांडली आहे, तीत शिक्षकाबरोबर मुलाने स्वतः व त्याच्या सोबत्यांनी केलेले मूल्यमापनही असावे, आणि हे पत्रक शाळा व घर यांच्यातील दुवा ठरावे असे म्हटले आहे. त्या पत्रकात पालकाने काही सांगावे अशी अपेक्षा असेल, तर प्रथम त्याने मुलाचे वाचन ऐकलेले असले पाहिजे.

पत्रकावर उपस्थितीचा एक रकाना असतो, त्याकडे आपण पालकाचे लक्ष क्वचितच वेधतो. श्रेणीपेक्षा हा रकाना त्यास अधिक सहज समजतो, कारण दिवस मोजणे सर्वांस येते. “या सत्रात शाळा इतके दिवस भरली, तुमची मुलगी त्यांपैकी इतके दिवस आली, आणि जे दिवस ती नव्हती त्या दिवसांत आम्ही भागाकार शिकविला,” असे सांगितले की भागाकारातील उणीव आपोआप उलगडते. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात मार्गशीर्षात मुले काही दिवस येणार नाहीत, कापूस वेचणीस काही दिवस जातील, हे आपण गृहीत धरावे आणि त्या दिवसांतील पाठ परतल्यावर पुन्हा घ्यावा. परंतु पालकासही हे ठाऊक असावे की मुलाची श्रेणी त्याच्या बुद्धीने उतरली नसून गैरहजेरीने उतरली आहे. बुद्धीस दोष दिला तर तो हताश होईल. दिवस मोजून दाखविले तर तो काही दिवस वाचवील.

शेवटी ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांविषयी. आपल्या पश्चिम भागातून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत व अन्यत्र ऊसतोडीस आणि वीटभट्ट्यांवर जातात. पहिल्या सत्राचा निकाल आपण दिवाळीच्या आसपास देतो आणि त्यांच्यापैकी पुष्कळ जण त्याच सुमारास निघालेले असतात; दुसऱ्या सत्राचा निकाल 1 मे च्या सुमारास, तेव्हा ती आखाजीसाठी परतलेली असतात किंवा नसतात. ज्यांच्या मुलांस आपल्या मदतीची सर्वांत अधिक गरज आहे तेच पालक आपल्या दोन्ही सभांत नसतात. या कुटुंबांची नावे प्रत्येक शाळेस ठाऊक आहेत, कारण दरवर्षी तीच असतात; मुकादमाची गाडी कधी येणार हेही गावात आठ दिवस आधी कळते. त्या आठ दिवसांत एका संध्याकाळी शिक्षकाने त्यांच्या घरी जावे. सत्राचा निकाल तयार नसला तरी मुलास तोवर काय आले आणि काय राहिले हे तोंडी सांगावे, त्याच्यासमोर मुलास पाच ओळी वाचावयास लावाव्यात, शिक्षण हमी पत्रक हाती द्यावे आणि ते दाखविले की जेथे मुक्काम असेल तेथील शाळेत मुलास बसता येते हे समजावून द्यावे. मूल सोबत न नेता आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, हेही त्याच वेळी विचारावे. पाठ्यपुस्तक सोबत जाईल असे पाहावे, आणि त्यात राहिलेल्या धड्यांवर पेन्सिलीने खूण करून द्यावी. कुटुंब परतले की शाळेस सुट्टी लागलेली असली तरी त्याच घरी पुन्हा एकदा जावे आणि खुणा केलेली पाने उघडून मुलास वाचावयास सांगावे.